एका कपड्यांच्या पेटीचं पर्मिट

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण लुटलं नाही, गोळा केलं. येताना प्रत्येकीने घरातले धड कपडे आणायचे असं सांगून ठेवलं होतं. आत तिळगूळ, अत्तर, गजरे आणि दाराशी काळ्या पिशव्यांचा ढीग. तो शनिवार होता, २० जानेवारी २०२४. सोमवारी माझ्या गराजमध्ये गाडी शिरेना.

आमची संस्था अगदी छोटी. अकरा जण, एक भाड्याची खोली आणि एकच काम: मारहाणीमुळे घर सोडून निघालेल्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना पहिल्या महिन्यात लागतात ते कपडे पुरवायचे. गाव कॅलिफोर्नियातलं, ऑकलंडपासून अर्ध्या तासावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे मी सिटी हॉलबद्दल थोडी कुरकुर करणार आहे आणि पर्मिटचं नूतनीकरण मला तिथेच करायचंय.

गराज भरल्यावर आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, एक डोनेशन बिनच ठेवू या की. इथे पार्किंग लॉटच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीची पत्र्याची पेटी उभी असते, वर एक खेचायचं दार, ती. लोक जाता-येता कपडे टाकणार, आपण आठवड्याने कुलूप काढून पिशव्या घेऊन येणार. यात अवघड काय? ती पेटी कायद्याने उभी राहायला जवळजवळ आठ महिने आणि २,०८७ डॉलर लागले. कुणी स्वतः करून लिहून ठेवलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक आम्ही पहिल्याच आठवड्यात केली: आधी पेटी विकत घेतली. जवळचं एक चर्च आपली जुनी पेटी काढत होतं, ४०० डॉलरला मिळाली. ट्रकचं भाडं ८९. जागा म्हणजे आमच्या नेहमीच्या भारतीय किराणा दुकानाच्या बाजूला. दुकानवाले काका नवसारीचे, आमच्याशी गुजराती, हिंदी आणि थोडं मराठी अशी भेळ बोलतात. विचारलं तर म्हणाले, "रखो ना बेन, अपना ही लॉट है." हे वाक्य लक्षात ठेवा.

१० फेब्रुवारीला पेटी उभी केली, वर हाताने लिहिलेला कागद चिकटवला, फोटो काढले. दोन आठवडे छान गेले. २७ फेब्रुवारीला काकांचा फोन: "बेन, पेटी पे नारंगी कागज लगा के गया है कोई."

नारंगी कागद कोड एन्फोर्समेंटचा, म्हणजे नगरपालिकेचे नियम पाळले जातात का बघणाऱ्या खात्याचा होता. विनापरवाना पेटी, दहा दिवसांत हलवा, नाहीतर रोजचा दंड. मला खरं सांगायचं तर रागच आला. रस्त्यावर गाद्या पडलेल्या असतात त्या यांना दिसत नाहीत, आणि आम्ही कपडे गोळा केले तर नोटीस. २ मार्चला परत ८९ डॉलरचा ट्रक करून पेटी माझ्या ड्राइव्हवेवर आणली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "नवीन फ्रीज?"

मंगळवारी, ५ मार्चला, अर्धा दिवस रजा टाकून सिटी हॉलच्या प्लॅनिंग काउंटरवर गेले. नंबराचा कागद घेऊन पन्नास मिनिटं बसले. (टिप: काउंटर दुपारी बंद होतो आणि बंद व्हायच्या अर्धा तास आधीच नंबर देणं थांबतं. सकाळी उघडताना जा.) काउंटरवरच्या बाईंनी माझं सगळं भावनिक निवेदन शांतपणे ऐकून घेतलं, सात पानांचा अर्ज पुढे सरकवला आणि त्यावरच्या एका शब्दावर पेन टेकवलं: अनअटेंडेड. पेटीचं सरकारी नावच ते आहे, 'अनअटेंडेड डोनेशन कलेक्शन बॉक्स'. त्या म्हणाल्या, कपडे गोळा करायला आमची ना नाही. पेटीजवळ कुणी नसतं, अडचण ती आहे.

घरी येताना मला सोलापूरच्या आमच्या वाड्यातली बोहारीण आठवली. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. आई आणि ती पाऊण पाऊण तास घासाघीस करायच्या. दोन साड्या आणि वडिलांची एक पँट, आणि त्यावर एवढीशी वाटी? बोहारीण साडी उजेडाकडे धरायची, विरलेला भाग बोटाने दाखवायची, पँटच्या मागची शिवण उलटून बघायची आणि नको असलेलं सरळ परत करायची. आमच्या पेटीला नुसतं तोंड आहे. कोण काय टाकतंय, तोंडात मावलं नाही म्हणून बाजूला काय ठेवून जातंय, हे बघायला कुणी नाही आणि परत करायलाही कुणी नाही. पुढच्या सात महिन्यांत माझ्याकडे मागितलेला प्रत्येक कागद एकच गोष्ट विचारत होता: बोहारीण कुठे आहे?

हे नियम आले कुठून तेही मी वाचून काढलं, कारण राग अजून पुरता गेला नव्हता. आमच्या भागात वाट पाडली ती ऑकलंडने. २०१५ साली तिथे या पेट्यांसाठी वेगळा स्थानिक कायदा झाला. पेट्यांभोवती कचरा साठतो, रात्री पिशव्या फाडून पसरल्या जातात, पत्र्यावर रंगकाम होतं, आणि मालकाचा पत्ता लागत नाही, ही कारणं. परवाना, दहा लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स (दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा), दोन पेट्यांमध्ये किमान १,००० फूट अंतर, वगैरे अटी आल्या. पेट्या ठेवणाऱ्या 'रीसायकल फॉर चेंज' या संस्थेने कोर्टात आव्हान दिलं: दान मागणं हे भाषणस्वातंत्र्यात येतं, आणि तुम्ही फक्त आमच्यासारख्यांच्या पेट्यांनाच धरताय. २०१७ मध्ये नाइन्थ सर्किटच्या, म्हणजे आमच्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने नियम थांबवायला नकार दिला. हा नियम पेटी काय म्हणते याला लागू नाही, ती काय गोळा करते याला आहे, असा साधारण युक्तिवाद. उलट मिशिगनमधल्या सेंट जॉन्स नावाच्या गावाने पेट्यांवर सरसकट बंदीच घातली होती, ती तिकडच्या अपील कोर्टाने, सिक्स्थ सर्किटने, २०१५ मध्ये अडवली. म्हणजे नगरपालिका आपल्याला अटी घालू शकते; 'नकोच' म्हणताना मात्र तिला विचार करावा लागतो. काउंटरवर भांडायला ही माहिती मला एकदाही उपयोगी पडली नाही. पण रात्री झोप लागायला पडली.

अर्जाबरोबर हवं होतं: जागामालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मापाचा नकाशा, पेटीचे चारही बाजूंनी फोटो, इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, आमचं ५०१ सी ३ पत्र (करमाफ धर्मादाय संस्था असल्याचं), आणि 'मेंटेनन्स प्लॅन', म्हणजे पेटी कधी रिकामी करणार, आजूबाजूचा कचरा किती तासांत उचलणार आणि चोवीस तास कोणता फोन उचलला जाईल. फी ४१० डॉलर, नामंजूर झालं तरी परत नाही.

जागामालकाचं पत्र घ्यायला काकांकडे गेले तेव्हा कळलं की 'अपना ही लॉट' म्हणजे काका भाडेकरू. अख्खा प्लाझा एका एलएलसीच्या, म्हणजे खाजगी कंपनीच्या नावावर, तिचा पत्ता लॉस एंजेलिसचा, आणि मध्ये एक प्रॉपर्टी मॅनेजर जो ईमेलला उत्तर देत नाही. मी सात ईमेल पाठवले. शेवटी काकांनीच युक्ती काढली: भाड्याच्या चेकबरोबर आमचं पत्र टाचून पाठवलं. चेक सगळेच उघडतात! पाडव्याच्या आठवड्यात मॅनेजरचा फोन आला. मालकाची हरकत नाही, पण काही अपघात झाला तर जबाबदारी संस्थेची असं लिहून द्या आणि तीस दिवसांच्या नोटिशीवर पेटी हलवायची तयारी ठेवा. दोन्ही मान्य केलं. सही-शिक्क्याचं पत्र २२ एप्रिलला हातात आलं. नोटरीला कॅलिफोर्नियात एका सहीचे १५ डॉलरपर्यंत घेता येतात. दोन सह्यांचे ३० झाले.

ही टिप मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते: दुकानदार आणि जागामालक हे दोन वेगळे प्राणी असतात. आधी काउंटीच्या असेसरकडे (मालमत्ता कराच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे) मालक कोण ते बघा, मग गोड बोला.

आता इन्शुरन्स. आमची साधी पॉलिसी होती, खोलीत कुणी घसरून पडलं तर उपयोगी पडेल अशी. ब्रोकरला म्हटलं, एक पेटी जोडायचीय. त्याने पहिला प्रश्न विचारला, "झडप कसली आहे?" मला काही कळलं नाही. मग त्याने सांगितलं, आणि त्या रात्री मी बातम्या वाचत बसले.

या पेट्यांमध्ये माणसं मेली आहेत. कॅनडात एकामागोमाग: २०१८ च्या जुलैत व्हँकुव्हरमध्ये एक बाई, डिसेंबरअखेर वेस्ट व्हँकुव्हरमध्ये एक तरुण, दहा दिवसांच्या आत, २०१९ च्या जानेवारीत, टोरांटोत आणखी एक बाई. बहुतेक रस्त्यावर राहणारी माणसं. थंडीत एखादा कोट काढायला, किंवा नुसता आसरा म्हणून आत शिरायला बघतात, आणि चोरी होऊ नये म्हणून बसवलेली आतली लोखंडी पट्टी त्यांना कमरेशी किंवा गळ्याशी अडकवून टाकते. मागे येता येत नाही. त्यानंतर तिकडच्या कितीतरी संस्थांनी पेट्या काढल्या किंवा झडपा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी ड्राइव्हवेवर आमच्या पेटीपुढे उभी राहिले. दार खाली खेचलं. आत एक दुसरी पट्टी आहे, दार बंद होताना ती फिरून खाली येते आणि पिशवी पाडते. मी नवऱ्याची जुनी पँट हातात धरून कोपरापर्यंत हात आत घातला आणि दार सोडलं. पट्टी कोपराच्या वर येऊन बसली. दुखलं नाही फारसं. पण हात मागे ओढला तसा दाब वाढला. आत ढकलला तर सैल. म्हणजे सुटायचं असेल तर आणखी आत जायचं. भीतीने ओढत राहणाऱ्याला हे कसं सुचणार? डाव्या हाताने दार पुन्हा खेचून सुटले आणि पायरीवर बसून राहिले. चारशे डॉलरला आम्ही हे विकत घेतलं होतं आणि तीन आठवडे लोकांच्या वाटेत उभं केलं होतं.

त्याच शनिवारी एक वेल्डर घरी बोलावला. त्याने आतली पट्टी पूर्ण काढली, बाहेरचं फिरतं दार काढलं आणि त्या जागी एक स्थिर, तिरकं, अरुंद तोंड बसवलं. किराण्याची भरलेली पिशवी जाते, खांदे जात नाहीत. आत दोन फुटांवर उतरता पत्रा, त्यामुळे बाहेरून हात घालून काही निघतही नाही. कडा घासून रबराची पट्टी लावली. २२० डॉलर. फोटो ब्रोकरला पाठवले, तेव्हा त्याने वर्षाला ६१२ डॉलर जादा घेऊन पेटी पॉलिसीत घातली. नियमांच्या सात पानांत झडपेबद्दल अवाक्षर नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवते. सोफ्याबद्दल दीड पान होतं.

नकाशा मीच काढला. सकाळी सहाला, दुकान उघडायच्या आधी, काका टेपचं एक टोक धरून आणि मी दुसरं. एक इंचाला वीस फूट, ग्राफ पेपरवर. काका मध्येच म्हणाले, पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, लॉट किती रुंद आहे ते आज कळलं.

२९ एप्रिलला अर्ज दिला. २८ मेला उत्तर आलं: अपूर्ण. चार मुद्दे.

एक, आम्ही पेटी दाखवली होती ती पार्किंगच्या एका जागेत, आणि प्लाझाला जितक्या जागा ठेवणं बंधनकारक तितक्याच तिथे आहेत. एकही कमी करता येत नाही. दोन, सर्टिफिकेटवर नगरपालिकेचं नाव 'अॅडिशनल इन्शुअर्ड' म्हणून हवं, म्हणजे आमच्या विम्यात तीही धरलेली, आणि त्याची वेगळी एंडॉर्समेंट (पॉलिसीची पुरवणी) जोडलेली हवी. हे ब्रोकरने एका दिवसात फुकट करून दिलं, आधी माहीत असतं तर महिना वाचला असता. तीन आणि चार मात्र जड गेले.

तीन: १,००० फुटांच्या आत दुसरी पेटी आहे. आमच्या गावानेही ऑकलंडचंच अंतर उचललंय. पेट्रोल पंपाच्या मागे, नकाशावर मोजलं तर ८४० फुटांवर, खरोखरच एक गुलाबी पेटी होती. मी जाऊन बघितली. हृदयाचं चित्र, हसरी मुलं, आणि कुठेतरी खाली एका खाजगी कंपनीचं नाव. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पेटीच्या दर्शनी बाजूला किमान दोन इंची अक्षरांत लिहावं लागतं की ही पेटी नफ्यासाठी चालवणाऱ्यांची आहे की ना-नफा संस्थेची. मालकाचं नाव, पत्ता, फोनही हवा. धंदा म्हणून जुने कपडे गोळा करणं बेकायदा अजिबात नाही, पण लिहायला हवं. इथे ते नव्हतं. आणि प्लॅनर म्हणाला, त्या पेटीला परवानाही नाही. तुम्ही तक्रार करू शकता.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर दोन दिवस वाद झाला. तीन महिन्यांपूर्वी आमच्यावरही कुणीतरी अशीच तक्रार केली असणार. आपण कोण लागून गेलो? एकजण म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. दुसरी म्हणाली, आपल्या सोयीचा झाल्यावर सारखा. शेवटी मी तक्रार केली, स्वतःच्या नावाने. अजूनही त्या पंपावरून जाताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. जुलैच्या मध्यावर ती पेटी गेली.

चार: राज्याच्या अॅटर्नी जनरलकडच्या धर्मादाय नोंदणीत आमच्या नावापुढे 'डेलिंक्वंट', म्हणजे कागद थकलेले, असा शब्द. हा दोष सर्वस्वी आमचा. दरवर्षी आरआरएफ-१ नावाचा फॉर्म भरायचा असतो; आधीचे खजिनदार टेक्सासला गेले आणि दोन वर्षं तो कुणी भरलाच नाही. आयआरएसचं, म्हणजे केंद्रीय करखात्याचं, ई-पोस्टकार्ड (छोट्या संस्थांनी वर्षाला भरायचा ऑनलाइन फॉर्म) मात्र वेळेवर जात होतं, त्यामुळे आम्ही निश्चिंत. या शेऱ्यासकट संस्थेने कॅलिफोर्नियात देणग्या मागायच्याच नसतात, म्हणजे हळदीकुंकवाचे कपडेसुद्धा आम्ही नियमाबाहेर गोळा केले होते. हे वाचलं तेव्हा नारंगी कागदावरचा माझा राग संपला. दोन वर्षांचे फॉर्म, वार्षिक पन्नास हजार डॉलरच्या आत जमा असणाऱ्यांनी भरायचा खजिनदाराचा अहवाल, आणि फी २५ डॉलर गुणिले दोन. २४ जूनला सगळं पाठवलं. त्यानंतर मी रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्या वेबसाइटवर आमचं नाव शोधायचे, शेअर बाजार बघावा तसं. १९ ऑगस्टला 'करंट' दिसलं. आठ आठवडे. तुम्ही काहीही करायला निघाला असाल, आधी स्वतःच्या संस्थेचं नाव तिथे शोधा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम.

मधल्या काळात नकाशा दोनदा बदलला. कचऱ्याच्या कुंपणाशेजारी पेटी हलवली तर कचऱ्याच्या ट्रकला वळायला अडचण. मग दुकानाच्या बाजूच्या भिंतीला लावून, दिव्याखाली. तिथे व्हीलचेअरसाठी ४८ इंच वाट मोकळी राहते की नाही यावर पेंटर-टेप लावून फोटो काढायला लागले. ५१ भरली. काका टाळ्या वाजवून मोकळे.

शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या. एकच आक्षेप आला, मागच्या गल्लीतल्या एका आजींचा. मी भेटायला गेले. त्यांनी फोनमधले फोटो दाखवले: काही वर्षांपूर्वी याच लॉटमध्ये कुणाचीतरी पेटी होती, तिच्याभोवती गाद्या, फुटकी खेळणी, एक टीव्ही, आणि पावसात भिजून फुगलेल्या पिशव्या. त्या तीन महिने फोन करत होत्या आणि पेटीवरचा नंबर बंद होता. मी त्यांना माझा नंबर दिला आणि म्हटलं, मला कधीही करा. त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, लावून बघितला. वाजला. आक्षेप मागे घेतला नाही त्यांनी, पण पुढे नेलाही नाही.

१६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, पर्मिट आलं. २१ ला तिसऱ्यांदा ८९ डॉलरचा ट्रक, चार जण, आणि भिंतीशी पेटी. नारळ फोडावा की नाही यावर चर्चा झाली. काकांनी दुकानातून आणूनच दिला, मग फोडला.

२५ सप्टेंबरच्या तपासणीत नापास!

कारण अक्षरं. दोन इंची म्हणून मी स्टिकरवाल्याला १४४ पॉइंट सांगितलं होतं, बहात्तर पॉइंटचा एक इंच या हिशेबाने. तपासनीसाने खिशातून पट्टी काढली आणि अक्षराला लावली: जेमतेम दीड इंचही नाही. पॉइंटमध्ये अक्षराच्या वरखालची मोकळी जागाही धरलेली असते, नुसतं मोठं अक्षर साधारण सत्तर टक्के भरतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. साध्या जाड टंकात २०० पॉइंटच्या वर जा, आणि छापायच्या आधी कागदावर काढून पट्टीने मोजा. पहिल्या स्टिकरचे ४६ डॉलर गेले, दुसऱ्याचे ५२. नव्या स्टिकरवर ना-नफा असल्याचं वाक्य, नाव, पत्ता, फोन, वेबसाइट, आणि कपडे कुणासाठी आहेत ती ओळ. ना-नफा संस्थेला ती ओळही लिहावी लागते. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तपासनीसाने पर्मिटचा छोटा चौकोनी स्टिकर स्वतःच्या हाताने चिकटवला आणि अंगठ्याने कोपरे दाबले.

(त्याच दरम्यान, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, कॅलिफोर्नियात जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीचा भार उत्पादकांवर टाकणारा कायदा सह्या होऊन आला, अमेरिकेतला पहिला म्हणतात. आमच्यापर्यंत त्याचं काही पोचेल तेव्हा पोचेल.)

आता चालवण्याबद्दल थोडं. पर्मिटप्रमाणे आठवड्यातून एकदा रिकामी करायची. आम्ही दोनदा करतो, बुधवार आणि रविवार. बाहेर टाकलेली वस्तू चोवीस तासांत उचलायची. पहिल्याच सोमवारी एक बाळाचा पाळणा होता, नंतर मायक्रोवेव्ह, आणि हो, गादी आली, दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात. आजींनी सकाळी साडेसहाला फोन केला; मी म्हटलं, बघितलीय, नवरा निघालाय. पावसाळ्यात तोंडाच्या वर पत्र्याची छोटी पडवी हवीच, एक ओली पिशवी आतल्या दहा पिशव्यांना कुबट वास लावते. आणि आतल्या कपड्यांपैकी निम्मेच आमच्या कामाचे असतात. उरलेले कुठे द्यायचे ते पेटी ठेवायच्या आधी ठरवा.

साड्याही येतात. एकदा सहावारी इरकल आली, घडीत कापराची पुडी ठेवलेली. कुणाच्या तरी आईची असणार. ती कुणाला द्यावी ते आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही, खोलीतल्या वरच्या फळीवर आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री पावणेबाराला फोन वाजला. चोवीस तासांचा नंबर माझाच आहे. पलीकडे एक माणूस, घाबराघुबरा: कपड्यांच्या पिशवीबरोबर गाडीची किल्लीही पेटीत पडली. हात घालून बघितला, पण खांद्यापुढे जातच नाही, आत पत्राच लागतो.

"बरं झालं," माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

नवऱ्याला उठवलं, पेटीची किल्ली घेतली, दहा मिनिटांत पोचलो. तो दिव्याखाली हात चोळत उभा होता, शर्टाच्या बाहीला पत्र्याची धूळ. कुलूप काढलं, बॅटरी धरली. किल्ली तिसऱ्या पिशवीखाली, एका चिमुकल्या मोज्यात अडकलेली. त्याने दोनदा आभार मानले, गाडीत बसला, आणि मग काच खाली करून संकोचाने विचारलं, पावती मिळेल का? टॅक्ससाठी.

पेटीत टाकलेल्याची पावती आम्ही देत नाही, तिथे कुणी नसतंच. अडीचशे डॉलरच्या आतल्या अशा दानाला आयआरएसही पावतीचा आग्रह धरत नाही. पण आता मी तिथे होते. पर्समध्ये किराण्याच्या यादीचा कागद होता, त्याच्या मागे लिहिलं: दोन जाकिटं, लहान मुलांच्या कपड्यांची एक पिशवी, तारीख, संस्थेचं नाव, सही. किमतीची जागा कोरी ठेवली. ती देणाऱ्यानेच लिहायची असते.